ढगांच्या वरची वलयं

(दृश्य: काळ्या पडद्यावर एकात एक करडी वलयं)

एप्रिल २०१४. अमेरिकेत टेक्सासवर रात्री वादळ गरजतंय, आणि त्याच्या वर सुमारे ९० किलोमीटरवर ही वलयं पसरतायत. टिपली सुओमी एनपीपी उपग्रहानं, ८०० किलोमीटरहून जास्त उंचीवरून.

आकाशात चंद्र नाही. मग उजेड कुठला? हवेचाच. दिवसा ऊन ऑक्सिजनचे रेणू फोडतं. रात्री त्या अणूंच्या नव्या जोडण्या होतात, त्यात हायड्रोजनही सामील होतो, आणि अगदी मंद प्रकाश बाहेर पडतो. यालाच एअरग्लो म्हणतात. उपग्रहावरचा कॅमेरा पाठवला होता चांदण्यातले ढग बघायला. अंधाऱ्या रात्री त्याला हेही दिसेल, असं कुणी धरलं नव्हतं.

(दृश्य: वादळी ढगाचा माथा)

वादळ हवेला जोरात वर ढकलतं. वर गेलेली हवा भोवतालपेक्षा थंड, म्हणून जड. गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढतं, पण ती मूळ जागी थांबत नाही, आणखी खाली जाते आणि परत उसळते. पाण्यात दाबून सोडलेल्या बुचासारखी. हा हेलकावा वर चढत जातो. वर हवा विरळ होत जाते, तशी लहर मोठी होते. ९० किलोमीटरवर तर हवा जमिनीजवळच्यापेक्षा लाखो पटींनी विरळ! लहरीनं हवा दाबली की एअरग्लो उजळतो, ताणली की मंदावतो. तेच हे पट्टे.

नाव गुरुत्व लहरी. कृष्णविवरांच्या टकरीतून येतात त्या लहरी वेगळ्या. या साध्या हवेच्या.

(दृश्य: पॅसिफिकवरची वलयं)

१५ जानेवारी २०२२. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांजवळ समुद्री ज्वालामुखी फुटला, आणि त्यानंही अशाच लहरी उठवल्या. हे चित्र ॲक्वा उपग्रहावरच्या एअर्स उपकरणाचं. वरच्या हवेतल्या तापमानाचे चढउतार त्यानं टिपले. ॲक्वा २००२ मध्ये अवकाशात गेला, सहा वर्षांच्या कामासाठी. विसाव्या वर्षीही तो चालू ठेवला होता, म्हणून आज हे बघतोय.

(दृश्य: अवकाश स्थानक)

नोव्हेंबर २०२३ मध्ये खास याच लहरींसाठी नासाचं एडब्ल्यूई उपकरण आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे निघालं. ते स्थानकाच्या बाहेरच्या अंगाला बसवलं आणि एअरग्लोचं अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं, रूप बघू लागलं.

या लहरी वर फुटतात तेव्हा तिथले वारे बदलतात, जीपीएसचे संकेतही बिघडू शकतात.

(दृश्य: फ्लोरिडा, सप्टेंबर २०२४)

हे एडब्ल्यूईचं चित्र. खाली हेलन चक्रीवादळ किनाऱ्याला लागतंय. लाल, पिवळा, निळा हे रंग नंतर भरलेले. पट्टे वादळापासून पश्चिमेकडे निघालेत.