दोन तासांत दहा

नमस्कार, माझ्या गरोदर मैत्रिणींनो आणि घरच्या मंडळींनो.

मोबाइलवर एखादं लक्षण शोधलं की दोन तऱ्हेची उत्तरं येतात. एक म्हणतं, काळजी नको, सगळ्यांनाच होतं. दुसरं वाचून झोप उडते. तुमचं पोट दोघांनीही तपासलेलं नसतं.

देवगडकडच्या एका वाडीतली सून. श्रावणातला पाऊस, 34वा आठवडा. सकाळपासून बाळ गप्प. फोनवर वाचलं, शेवटी पोटात जागा उरत नाही म्हणून बाळ कमी हलतं. सासूबाईही म्हणाल्या, "शेवटाक पोर कमीच हलता गो." तिला बरं वाटलं, आणि त्यातच तास गेला. मग आशाताईंनी सांगितलेलं आठवलं. दोन घास खाल्ले, माजघरात डाव्या कुशीवर पडली. उशाशी दोन वाट्या, एकीत दहा काजूबिया. बाळानं लाथ मारली, ढुशी दिली, कूस बदलली की एक बी दुसऱ्या वाटीत. उचकी मोजायची नाही. दोन तास झाले, दुसऱ्या वाटीत चारच बिया. तिनं सरळ 108 ला फोन लावला. नवरा मुंबईला, त्याला गाडीत बसल्यावर कळवलं. अगदी योग्य केलं. चाकरमान्याला विचारल्याशिवाय बाईनं दवाखान्याची पायरी चढायची नाही, ही रीत आपण मोडायलाच हवी. रुग्णालयात पोटाला पट्टे बांधून ठोके पाहिले, ठोके नीट होते. डॉक्टर म्हणाल्या, पुन्हा कमी वाटलं तर पुन्हा ये, संकोच करू नकोस.

पुन्हा सांगते. 28 आठवड्यांनंतर हलणं कमी वाटलं तर डाव्या कुशीवर, दोन तासांत दहा. दहा भरले नाहीत तर लगेच निघायचं, रात्र असली तरी. आणि हलणं अजिबातच थांबलं असेल तर मोजत बसू नका. दिवस भरत आले की हलण्याची तऱ्हा बदलते, हलणं कमी होत नाही.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर अचानक सूज, यातलं काही झालं तर वाचत बसू नका, निघा. संध्याकाळी दोन्ही पावलांवर थोडी सूज, लोहाच्या गोळीनं काळी शी, याला घाबरू नका. गोळी मात्र चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून मोफत तपासणी असते. मोबाइलवर वाचून पडलेले प्रश्न कागदावर लिहून, कार्डाबरोबर घेऊन जा.