कायहोगाच्या काठावर

श्रोतेहो, नमस्कार.

22 जून 1969. रविवार, दुपारचे बारा वाजत आलेले. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी वसलेल्या क्लीव्हलँड शहरात कायहोगा नदीनं पेट घेतला. पाण्यावर तेलाचा तवंग होता, त्यात लाकडं आणि कचरा अडकलेला. वरून जाणाऱ्या आगगाडीची ठिणगी पडली असावी. अर्ध्या तासात आग विझली, दोन रेल्वेपूल भाजले. गावातल्या वर्तमानपत्रांनी तिची फारशी दखल घेतली नाही, कारण 1868 पासून ही नदी अनेकदा पेटली होती. 1912 च्या आगीत पाच माणसं गेली होती.

नदी पेटते आणि गाव चार दिवसांत विसरतं, हे मला आगीपेक्षा भयंकर वाटतं. पण त्याचं कारण समजून घ्यायला हवं. चिमणीतून धूर निघतोय म्हणजे घरी पगार येतोय, हा तिथला अनेक पिढ्यांचा हिशेब होता.

आणि पगार खरोखरच येत होता. मिनेसोटाच्या खाणींतलं लोहखनिज सरोवरांमधून बोटींनी यायचं, अ‍ॅपलेशियन डोंगरातला कोळसा रेल्वेनं यायचा, आणि दोघांची गाठ पडायची ती इथे. 1870 साली उद्योगपती रॉकफेलरनी स्टँडर्ड ऑइल ही तेल कंपनी स्थापन केली तीही याच शहरात. पोलाद, रंग, यंत्रं, मोटारींचे सुटे भाग, काय बनत नव्हतं! 1950 साली शहराची लोकसंख्या 9 लाख 14 हजार होती. 2020 च्या जनगणनेत ती 3 लाख 72 हजार भरली.

मधल्या काळात कारखाने बंद पडले, माणसं उपनगरांत गेली. 1978 च्या डिसेंबरात तर पालिकेला बँकांचं कर्ज फेडता आलं नाही. महामंदीनंतर अमेरिकेतल्या मोठ्या शहरावर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. 2001 च्या अखेरीस नदीकाठच्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्या थंडावल्या. पुढच्या वर्षी नव्या मालकानं त्या पेटवल्या, पण कमी कामगारांवर. आयुष्यभर तिथे घाम गाळून निवृत्त झालेल्यांचा आरोग्य विमा मात्र गेला तो गेलाच.

आज या शहराचं पोट मोठ्या प्रमाणात रुग्णालयांवर चालतं. 1921 साली सुरू झालेलं क्लीव्हलँड क्लिनिक हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेला तिथेच 1967 साली डॉ. रेने फावालोरो यांनी नवं वळण दिलं. जगभरातून रुग्ण येतात. पण या काचेच्या इमारतींपासून जवळच हफ आणि ग्लेनव्हिल या गरीब वस्त्या आहेत. पूर्वी फारसं न शिकलेला तरुणही भट्टीवर लागला की घर उभं करू शकत असे. रुग्णालयाच्या दारातून तो आत कसा जाणार?

याला शहरानं दिलेलं एक उत्तर मला फार मोलाचं वाटतं. रुग्णालय म्हटलं की रोज चादरींचे, गाऊनचे ढीग आले. ते धुण्याचं काम बाहेरगावच्या ठेकेदाराकडे कशाला जावं? 2009 साली एव्हरग्रीन या नावानं सहकारी धुलाई केंद्र सुरू झालं. आसपासच्या वस्त्यांतले लोक तिथे कामाला लागतात, ठरावीक काळानंतर भागीदार होतात आणि नफ्यात वाटा घेतात. 2018 मध्ये क्लिनिकनं आपलं धुलाईचं काम त्यांच्याकडे सोपवलं. हजारो नोकऱ्या गेलेल्या शहरात या नोकऱ्या थोड्याच. तरी कपडे धुणाऱ्या बाईच्या नावावर धुलाई केंद्राचा हिस्सा असणं ही छोटी गोष्ट नाही.

आता पुन्हा नदीकडे येतो. कारखाने मेले म्हणून नदी स्वच्छ झाली, असं सहज बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. त्या आगीच्या आदल्याच वर्षी, 1968 मध्ये, याच शहराच्या मतदारांनी पाणी स्वच्छ करण्यासाठी 10 कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली होती. धुरात पगार पाहणाऱ्यांनीच! 1972 साली देशाचा स्वच्छ पाण्याचा कायदा आला. 2019 मध्ये, आगीला पन्नास वर्षं होताना, कायहोगातले मासे खाण्यावरचे खास निर्बंध सैल झाले.

आणि पोलादाचा कारखाना आजही त्याच काठावर चालू आहे. लोहखनिजानं भरलेली, सहाशे फुटांहून लांब बोट नदीच्या अरुंद वळणांतून इंचाइंचानं भट्टीकडे सरकते. वल्ही मारत सरावाला आलेली मुलं आपल्या होड्या काठाशी घेतात, ती पुढे जाईपर्यंत थांबतात, आणि मग पुन्हा पाण्यात निघतात.

नमस्कार.