स्वतंत्रपूर: भिंत नसलेला तुरुंग

आटपाडी. सांगली जिल्ह्यातला माणदेशी तालुका. पावसाची कायमची ओढ, माळावर मेंढरं, अलीकडे डाळिंबाच्या बागा. इथंच एक शेती आहे. तिच्यात राबणारी माणसं शिक्षा भोगताहेत, आणि त्यांतली काही खुनाची.

ही स्वतंत्रपूरची खुली वसाहत. साल १९३९. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी त्याच वर्षी गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला होता. अशा राजापुढे मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरनं कैद्यांना मोकळ्यावर ठेवायची कल्पना मांडली. (निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं पुढे इंग्रजीत नेली, ते हेच फ्रीडमन.) दुसऱ्या एखाद्या संस्थानिकानं त्यांना दारातूनच वाटेला लावलं असतं. औंधच्या राजांनी होकार दिला.

१९५७च्या ‘दो आँखें बारह हाथ’ची मुळं इथलीच. कथा लिहिणारे गदिमाही याच तालुक्यातल्या माडगुळ्याचे. पडद्यावर लक्षात राहतो तो जेलर, त्याचा धाक आणि त्याची माया. वसाहत मात्र एका जेलरच्या पुण्याईवर इतकी वर्षं टिकत नसते. इथं बंदी बायकापोरांसह राहतो. सकाळी चूल पेटते, मग शेताची कामं. पळायचं म्हटलं तर भिंत आडवी येणार नाही, संसार येईल. आणि सापडला की पुन्हा बंद कारागृह आहेच.

दुसरा आधार गावाचा. शेजारी खुनाचे गुन्हेगार राहतात, हे एखाद्या गावानं मनाला लावून घेतलं असतं, तर अशी वसाहत पहिल्या दोन-चार वर्षांतच गुंडाळावी लागली असती. इथं तसं झालं नाही. संस्थान १९४८मध्ये विलीन झालं, राजे गेले, सरकारं बदलली, स्वतंत्रपूर राहिलं. सुटून घरी जाणाऱ्याला पुन्हा माणसांतच राहायचं असतं. त्याची सवय दगडी भिंतींच्या आत कशी लागणार?

पण इथवर पोचतात थोडेच. शिक्षा झालेला पक्का बंदी हवा, आधीची वर्षं चांगल्या वर्तणुकीत गेलेली हवीत. देशाच्या तुरुंगांत २०२२च्या अखेरीस दर चार माणसांमागे सुमारे तीन जण कच्चे कैदी होते, खटल्याच्या निकालाची वाट पाहणारे. त्यांच्यासाठी स्वतंत्रपूर नाही.