नजरेला नजर दिली म्हणजे झालं?

माहितीपर फोटो खरा की बनवलेला, हे ओळखायची एक सोपी कसोटी आपल्याकडे रुळली आहे. माणूस कॅमेऱ्याकडे बघतोय, म्हणजे पोज दिलीय. बघत नाहीये, म्हणजे कॅन्डिड, नकळत टिपलेला, आणि म्हणून खरा. मला ही कसोटी पटत नाही. उलटी करून दिली तरी पटणार नाही.

वॉकर इव्हान्स घ्या. 1936 च्या उन्हाळ्यात हा अमेरिकन छायाचित्रकार अलाबामात बटईने कापूस पिकवणाऱ्या कुटुंबांकडे गेला. कॅमेरा आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हचा, तिवईवर ठेवायचा. असलं धूड घेऊन चोरून काही टिपता येत नाही! अ‍ॅली मे बरोज ही त्यातल्याच एका कुटुंबातली बाई घराच्या फळ्यांना पाठ लावून उभी राहिली, ओठ मिटून सरळ त्याच्याकडे बघत. 1941 साली या फोटोंचं पुस्तक निघालं तेव्हा मजकुरात या कुटुंबांची नावं बदलली होती. चेहरा कसा बदलणार?

आणि हाच इव्हान्स 1938 पासून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून बसायला लागला. चकाकणारे भाग काळे रंगवलेले, लेन्स दोन बटणांच्या मधून डोकावणारी, शटरची वायर बाहीतून हातात. समोरच्या बाकावरच्यांना पत्ता नाही. ते फोटो पुस्तकरूपात यायला 1966 उजाडलं. फोटो अप्रतिम आहेत, आणि माझी पंचाईत तिथेच होते.

तरीही अलाबामा प्रामाणिक आणि रेल्वे अप्रामाणिक, असा निकाल मी देणार नाही. त्याचं कारण मार्क गारांजे. 1960 साली हा तरुण फ्रेंच सैनिक अल्जीरियात होता; तिथे तेव्हा फ्रान्सविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. सैन्याने गावंच्या गावं उठवून छावण्यांत आणली होती आणि सगळ्यांना ओळखपत्रं द्यायची होती. हुकूम सुटला, फोटो काढ. दहा दिवसांत सुमारे दोन हजार चेहरे. बायकांना चेहऱ्यावरचं वस्त्र काढायला लावलं. त्या लेन्समध्ये रोखून बघतात, आणि त्या बघण्यात संताप उघड दिसतो. नजर आहे, संमती औषधालाही नाही. गारांजे स्वतः युद्धाच्या विरोधात होता, पण बटण त्यानेच दाबलं.

म्हणजे नजर एवढंच सांगते की समोरच्याला कॅमेरा दिसत होता. नाही म्हणायची सोय त्याला होती का, फोटो कुठे लागणार हे कुणी सांगितलं होतं का, हे फोटोत दिसत नाही; ते फोटोग्राफरने फोटोखालच्या ओळीत लिहावं लागतं. ‘गावातील एक महिला’ एवढ्यावर भागवणाऱ्या ओळींचा मला कंटाळा आलाय.

मग रेल्वेतले फोटो काढूच नयेत का, असं आता कुणीतरी विचारेल. काढा. फक्त न सांगता काढले म्हणून ते जास्त खरे, असं म्हणू नका, आणि खाली लिहा की न सांगता काढले.