हसरा चेहरा कुणाला हसतो?

श्रोतेहो, नमस्कार.

चिनी भाषा शिकायला लागलो, तेव्हा सरांनी पहिल्याच महिन्यात एक रीत आमच्याकडून घोटून घेतली होती. कुणी कौतुक केलं की म्हणायचं, ‘नाली, नाली!’ शब्दशः अर्थ ‘कुठे, कुठे?’ आपण ‘छे हो, कसलं काय’ म्हणतो ना, तसं. पुढे छंगदू शहरातल्या एका मुलीशी फोनवरून ओळख झाली. ती मला चिनी शिकवायची, मी तिला इंग्रजी. एकदा ती म्हणाली, तुझे उच्चार छान आहेत. मी ऐटीत ‘नाली, नाली’ म्हणालो, तर ती खो-खो हसत सुटली. “असं माझे आजोबा बोलतात. तू सरळ ‘श्ये-श्ये’ म्हण.” म्हणजे धन्यवाद.

गंमत पुढेच आहे. हे ‘श्ये-श्ये’ आजोबांना घरात मात्र खपत नाही. नातीने चहाचा कप घेताना आभार मानले की ते रागावतात. घरच्या माणसाला बाहेरचं समजून वागणं, याला चिनीत ‘च्येनवाय’ म्हणतात. आईने वाढलेल्या ताटावर ‘थँक्यू’ म्हणालो असतो, तर माझ्या आजीनेही वर बघितलं असतं. तेव्हा नात उद्धट आणि आजोबा सभ्य, असा हा हिशेब नाही. दोघांचा सभ्यपणा वेगवेगळ्या जागी राहतो, इतकंच.

या साऱ्याच्या मुळाशी आहे चेहरा. आपली अब्रू नाकात असते, चिनी माणसाची चेहऱ्यात. त्यासाठी त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. हू श्येन-चिन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1944 साली त्यांतला फरक उलगडून दाखवला. ‘म्येन्त्स’ म्हणजे मानमरातब. तो कमावता येतो, दुसऱ्याला देता येतो. ‘ल्येन’ म्हणजे माणूस म्हणून असलेली पत. ती गेली की चारचौघांत वावरणं कठीण. म्हणून समोरचा अडचणीत सापडला, तर त्याला ‘उतरायला पायरी द्यायची’, हा तिथला जुना शिष्टाचार. चूक दिसली तरी न दिसल्यासारखं करायचं, म्हणजे तो मानाने खाली उतरतो.

मला वाटतं, तरुण मंडळींनी ही पायरी मोडलेली नाही. ती उचलून त्यांनी मोबाइलमध्ये नेऊन ठेवली आहे.

वीचॅट या चिनी मेसेजिंग अॅपचंच बघा. 2011 पासून चीनचे सगळे व्यवहार हळूहळू त्यावर आले. पण आपल्या व्हॉट्सअॅपसारख्या निळ्या खुणा तिथे नाहीत. निरोप वाचला की नाही, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. म्हणजे ‘अरे, पाहिलाच नाही!’ ही पायरी दोघांसाठी कायम उघडी. उलट डिंगटॉक हे कचेऱ्यांमधलं अॅप. त्यात कुणी वाचलं, कुणी नाही, याची यादी साहेबाला दिसते. तरुण नोकरदार त्याच्या नावाने बोटं मोडतात, यात नवल नाही.

किंवा लाल पाकिटं घ्या. नववर्षाला मोठ्यांनी पोरांना पैशाचं लाल पाकीट द्यायचं. पोराच्या आईने ‘नको, नको’ म्हणत परत करायचं. मग त्यांनी ते पोराच्या खिशात कोंबायचं. तिने पुन्हा काढायचं. दारात अक्षरशः झटापट. हॉटेलात बिलावरून होते ती वेगळी. 2014 साली वीचॅटवर डिजिटल लाल पाकीट आलं. ते उघडलं नाही, तर चोवीस तासांनी पैसे आपोआप परत जातात. नकार दिला, पण ‘नको’ हा शब्द कुणालाच उच्चारावा लागला नाही! बिलाचं म्हणाल, तर तरुण मित्र ते सरळ वाटून घेतात. कुणाच्या उपकारात राहायचं नाही, हाही एक मानच.

हाका मारण्यातही बरीच उलथापालथ झाली आहे. ‘थोंगचे’ म्हणजे कॉम्रेड, एके काळची सर्वांसाठीची हाक. आज तरुणांत त्याचा अर्थ समलिंगी व्यक्ती. तिशीतल्या बाईला ‘आयी’, म्हणजे मावशी, म्हणालात तर तिचा चेहरा पडतो. (आपल्या बसमध्ये कुणाला ‘काकू’ म्हणून बघा!) मग सुरक्षित काय? ‘लाओश’, म्हणजे गुरुजी. शिकवत नसलेल्या माणसालाही बिनधास्त गुरुजी म्हणतात. खऱ्या नात्यांचं तर विचारू नका. एकच मूल या धोरणात पस्तीसेक वर्षं गेली. चुलत, आते, मामे भावंडंच कमी झाली. चुलतआजोबांच्या सुनेला काय म्हणायचं, हे सांगणारे ‘नात्यांचे कॅल्क्युलेटर’ तिथे मोबाइलवर मिळतात, आणि नववर्षाला घरी जाताना पोरं ते उघडून बसतात.

पण खरी ठिणगी पडते ती एका पिवळ्या चेहऱ्यावरून. वीचॅटवर एक मंद हसणारा चेहरा आहे. पन्नाशीपुढच्या माणसाला तो साधा, प्रेमळ वाटतो. तरुणांच्या लेखी त्याचे ओठ हसतात, डोळे हसत नाहीत. म्हणून अर्थ होतो, ‘तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही’, किंवा त्याहून वाईट. तीच गत होकाराची. एकदा ‘अं’ लिहिलं तर रुक्ष. दोनदा, ‘अं-अं’, तर गोड. साहेबाला एकच ‘अं’ पाठवून बसलेला नवखा पोरगा तासभर अस्वस्थ असतो. आणि अशा मुलांना आपण म्हणतो, यांना रीतभात नाही! एका अक्षराच्या दुपटीवर मान तोलणारी पिढी आहे ही. पलीकडे मोठी माणसं साठ सेकंदांचे आवाजी निरोप एकामागून एक पाठवतात. त्यांना ती आपुलकी वाटते. मुलांना वाटतं, आमचा वेळ न विचारता घेतला.

माझी ती मैत्रीण आता शांघायमध्ये नोकरी करते. तिची आई रोज रात्री विचारते, जेवलीस का? आणि खाली तो हसरा चेहरा. पहिल्यांदा तो पाहून पोरीच्या पोटात गोळा आला होता. आई कशावरून चिडली, तेच तिला कळेना. मी विचारलं, मग तू आईला त्याचा नवा अर्थ सांगितलास की नाही?

“नाही,” ती म्हणाली. “इतकी वर्षं ती तो मामाला, शेजाऱ्यांना, माझ्या बाईंना पाठवत आली आहे. आता कळलं, तर तिला किती लाज वाटेल!”

हल्ली तीही उत्तरात तोच चेहरा पाठवते.