पहारा चालू ठेवून वेग किती?

नमस्कार. कोल्हापुरात समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी आता फायबर आलं आहे. ताराबाई पार्क, राजारामपुरी सोडाच, शिवाजी पेठेतल्या बोळांतही खांबावरची काळी वायर थेट माजघरापर्यंत पोचली आहे. दोनशे-तीनशे एमबीपीएस आता नवलाचं राहिलं नाही, काहींनी १ जीबीपीएसचा प्लॅन घेतला आहे. माझं काम ती वायर संपते तिथं सुरू होतं. तिथं एक पेटी बसते, तिला आपण राऊटर म्हणतो. ती कशी असावी, लोक काय मागतात आणि बाजारात त्यांच्या हातात काय पडतं, एवढंच आज बोलायचं आहे.

लोकांची मागणी अगदी सरळ असते. जेवढ्या वेगाचे पैसे भरतो तेवढा वेग मिळावा आणि घरात बाहेरचं कुणी शिरू नये. दोन्ही एकाच वेळी हवं. ही मागणी वाजवी आहे, पण दुकानात खोक्यावर पहिल्या अर्ध्याचाच आकडा असतो, आणि तोही नीट वाचावा लागतो.

खोक्यावर ‘एसी १२००’ लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, माझा प्लॅन तीनशेचा, हा बाराशेचा, म्हणजे भरपूर झालं. हे बाराशे म्हणजे वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे ८६७ यांची बेरीज. कुठलाही एक मोबाईल दोन्हींच्या बेरजेनं चालत नाही. त्यात अशा कित्येक पेट्यांच्या मागची पोर्ट, म्हणजे वायर खोचायच्या जागा, १०० एमबीपीएसचीच असतात. म्हणजे वायर लावून मोजलं तर हातात चौऱ्याण्णव-पंच्याण्णव येतात. तीनशेचं बिल भरणाऱ्या माणसाचे दोनशे दर महिन्याला त्या पोर्टावर अडतात. म्हणून अँटेना मोजण्याआधी पेटी उलटी करून पोर्टाचा वेग बघा. गिगाबिट पोर्टवर प्रत्यक्षात साधारण ९४० मिळतात. पूर्ण १ जीबीपीएस किंवा त्याहून जास्त हवं असेल तर २.५ जीबीपीएसचं पोर्ट लागतं.

आता पहाऱ्याकडे, म्हणजे बाहेरचं कुणी शिरू नये यासाठीच्या तपासणीकडे येऊ. नेटवरची माहिती छोट्या तुकड्यांत जाते, त्यांना पॅकेट म्हणतात. १ जीबीपीएसची लाईन भरून वाहत असते तेव्हा १५०० बाइटची मोठी पॅकेट धरली तरी सेकंदाला सुमारे ८१ हजार पॅकेट पेटीतून जातात. सगळ्यात लहान, ६४ बाइटची धरली तर सेकंदाला १४ लाख ८८ हजार. प्रत्येकाचं काय करायचं हे पेटीनं ठरवायचं असतं. जुन्या जकात नाक्यासारखंच आहे हे: नुसती पावती बघून ट्रक सोडला तर रांग लागत नाही, ताडपत्री सोडून माल बघायचा म्हटलं की रांग लागलीच. स्वस्त पेटीच्या चिपमध्ये नेमकी ही पावती बघून सोडायची सोय असते. जोडणीची पहिली काही पॅकेट प्रोसेसर तपासतो, उरलेली चिप परस्पर पुढं ढकलते. म्हणून तीही ९४० दाखवते. पण आत शिरून तपासणी चालू केली, मुलांसाठीचा फिल्टर लावला किंवा वेगाची वाटणी सुरू केली की अनेक पेट्यांत ही सोय बंद पडते. मग प्रत्येक पॅकेट प्रोसेसरकडे जातं आणि वेग निम्म्यावर, कधी चौथाईवर येतो. तुमची लाईन युजरनेम-पासवर्डवाल्या पीपीपीओईवर असेल तर तेही ओझं त्याच प्रोसेसरवर. आणि प्रोसेसर कोणता, हे खोक्यावर बहुधा नसतंच.

मंगळवार पेठेतल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला विचारलं होतं, “मला माझं दार मोबाईलवर दिसतंय, मग ते दुसऱ्या कुणाला दिसत नसंल कशावरून?” इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला असेल. त्यांच्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या पेटीला, कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच होता आणि बाहेरून बघता यावं म्हणून राऊटरवर पोर्ट उघडून ठेवलेलं होतं; हे पोर्ट म्हणजे वायरची जागा नव्हे, बाहेरून आत यायची वाट. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर याच वाटेनं पकडले. त्यानं फक्त ठरलेले पासवर्ड एकेक करून वापरून बघितले. आपला डीव्हीआर असा पकडला गेला तर आपल्याला पत्ताही लागत नाही, तो आपल्याच घरात बसून दुसऱ्यावर हल्ले करतो.

त्यांच्याकडे उपाय महागडा नव्हता. कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं केलं, तिथून घरच्या लॅपटॉपकडे जायची वाट बंद केली, उघडं पोर्ट मिटवलं, उपकरणांनी आपणहून पोर्ट उघडण्याची यूपीएनपीची सोय काढून टाकली. बाहेरून बघायला वायरगार्डचं व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतची कुलूपबंद खासगी वाट, बसवलं. त्यासाठी पेटीत व्हीलॅनची, म्हणजे एकाच पेटीत वेगळी नेटवर्कं करायची, आणि व्हीपीएनची सोय हवी. मला विचाराल तर घरासाठी आत शिरून तपासणाऱ्या भारी यंत्रणेपेक्षा या साध्या गोष्टी जास्त मोलाच्या आहेत. वेबवरची बहुतेक वाहतूक आता एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात बंद केलेली, असते, आतलं त्या यंत्रणेला फारसं दिसतच नाही. आयपीव्ही६ची, म्हणजे इंटरनेटच्या नव्या पत्ता-पद्धतीची, काळजी मात्र जरूर घ्या. तिथं प्रत्येक उपकरणाला जगभर चालणारा स्वतःचा पत्ता मिळतो, नॅटचा, म्हणजे सगळं घर एकाच पत्त्यामागं ठेवण्याचा, आडोसा राहत नाही. न बोलावता आलेली जोडणी पेटीनं आपणहून नाकारलीच पाहिजे.

व्हीपीएन बाहेरून लागत नसेल तर राऊटरच्या वॅनचा, म्हणजे कंपनीकडच्या बाजूचा, पत्ता बघा. पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ च्या मधला असेल तर एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. मग कंपनीकडून वेगळा पब्लिक आयपी तरी घ्यावा लागतो, नाहीतर आयपीव्ही६ वरून यावं लागतं.

दुसरी तक्रार रोज ऐकतो: “स्पीड टेस्ट तीनशे दाखवतंय, पण कॉलवर आवाज तुटतोय.” उद्यमनगरात एकजण घरून डिझाईनच्या मोठ्या फायली पाठवतो, त्याच वेळी आतल्या खोलीत बहिणीचा ऑफिसचा कॉल चालू असतो. फाईल चढायला लागली की पिंगचा, म्हणजे उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळेचा, आकडा पाच-दहा मिलिसेकंदांवरून दोनशे-तीनशेवर जातो. वेग कमी पडत नसतो. पॅकेट लांबलचक रांगेत अडकतात आणि कॉलचं छोटं पॅकेट फायलीच्या पॅकेटांमागं उभं राहतं. यावर रांग आटोक्यात ठेवणाऱ्या एफक्यू-कोडेल आणि केक अशा पद्धती आहेत, कोडेलची मांडणी २०१२ ची. त्या लावल्या की फाईल चढत असतानाही कॉल स्वच्छ चालतो. पण यालाही प्रोसेसरच लागतो. ताकदीच्या प्रोसेसरच्या पेट्या हव्यात ही मागणी मी म्हणूनच लावून धरतो.

आणि अपडेट. पेटी पाच-सात वर्षं चालते, पण तिचं सॉफ्टवेअर दोन वर्षांत वाऱ्यावर सोडलेलं मी अनेकदा बघतो. २९ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये कायदा लागू आहे: सरसकट एकच ठरलेला पासवर्ड चालत नाही आणि अपडेट किमान किती काळ देणार हे उत्पादकानं सांगायचं असतं. आपणही तो प्रश्न काउंटरवर विचारायला हवा. शक्यतो ओपनडब्ल्यूआरटी चालणारी पेटी घ्या. २००४ पासून चालत आलेलं हे मोफत सॉफ्टवेअर आहे, कंपनीनं हात झटकले तरी सुधारणा येत राहतात. त्या प्रकल्पाची स्वतःची ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ ही पेटीही २०२४ मध्ये आली, तिला २.५ जीबीपीएसचं एक पोर्ट आहे. जास्त ताकद हवी त्यांनी इंटेल एन१०० प्रोसेसरचा, चार पोर्टांचा बिनपंख्याचा छोटा संगणक घेऊन त्यावर ओपीएनसेन्स हे राऊटरचं सॉफ्टवेअर चालवावं. पंखा नको, कारण तो धूळ ओढतो. जुना डेस्कटॉप राऊटर म्हणून वापरायचा मोहही टाळा. ६० वॉट अखंड म्हणजे वर्षाला सुमारे सव्वापाचशे युनिट, १० वॉटची पेटी अठ्ठ्याऐंशीच्या आत भागवते.

विजेचं निघालंच आहे तर, वळवाच्या पावसात लाईट जाते तेव्हा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लोक फक्त राऊटरला लावतात. राऊटरशेजारी असते त्या फायबरच्या पेटीलाही तो लागतो. जीपीऑन या प्रकारच्या फायबर लाईनवर रस्त्यातल्या स्प्लिटरला, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला, वीज लागत नाही, त्यामुळे कंपनीकडची बाजू चालू असली तर गल्लीत अंधार असताना तुमचं नेट चालतं.

पेठांतल्या जुन्या दगडी भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ जात नाही. तिथं राऊटर महाग घेऊन उपयोग नाही. वायर ओढा आणि पलीकडच्या खोलीत वेगळा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वाय-फाय देणारी पेटी, बसवा.

इथं काही दुकानदार मंडळीही आली आहेत, त्यांना एक विनंती. काउंटरवर नमुन्याची एक पेटी ठेवा, वॅनकडे एक लॅपटॉप, लॅनकडे, म्हणजे घरच्या बाजूला, दुसरा, आणि दोन्हींवर आयपर्फ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर. आधी नुसती पेटी चालवून आकडा दाखवा. मग फायरवॉलचे, म्हणजे काय आत सोडायचं याचे, नियम, व्हीपीएन आणि केक चालू करून गिऱ्हाइकासमोर पुन्हा मोजा. हा दुसरा आकडा पेटीच्या किमतीशेजारी लिहून ठेवा.