आधी आपल्या युनिटमधला मृत्यू

(दृश्य: सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, सर्जरी विभागाची सेमिनार रूम. फळ्यावर खडूने लिहिलेल्या वेळा.)

सर्जरी विभाग युनिटांमध्ये विभागलेला असतो. प्रत्येक युनिटची ओपीडी आणि इमर्जन्सी ठरलेल्या दिवशी. त्यातलं एक युनिट बहुधा विभागप्रमुखांचंच. मॉर्टॅलिटी मीटिंगमध्ये, म्हणजे विभागात झालेल्या मृत्यूंच्या आढावा बैठकीत, ते आपल्या युनिटमधला मृत्यू आधी मांडतात, की वेळ संपत आल्यावर उरकतात, हे पहिल्या वर्षाचे रेसिडेंटसुद्धा बघत असतात. तो आधीच मांडायला हवा.

समजा, जठराला छिद्र पडलेला रुग्ण. रात्री ११ला कॅज्युअल्टीत आला, पहाटे ५ला टेबलावर गेला, तिसऱ्या दिवशी दगावला. ‘पेशंटच उशिरा आला’ म्हटलं की चर्चा मिटते. त्याने दोन दिवस दुखणं अंगावर काढलं हे खरंही असेल, पण दारातून आत आल्यानंतरचे ६ तास विभागाचे आहेत.

(दृश्य: फळ्यावरच्या वेळा, जवळून.)

रेसिडेंटने रुग्ण कधी पाहिला? उभ्याने काढलेल्या एक्स-रेत श्वासपटलाखाली हवा कधी दिसली? भूलतज्ज्ञांना कधी कळवलं? वरिष्ठांना फोन कधी केला आणि तो कधी उचलला गेला? सेप्टिक शॉक, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब धोकादायक खाली गेलेला, असेल तर अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं. सलाइन पहिल्या ३ तासांत किलोमागे किमान ३० मिलिलिटर, म्हणजे ५० किलोच्या माणसाला दीड लिटर. केसपेपरवर अँटिबायोटिक ११:३०ला लिहिलेलं दिसतं, सिस्टरांच्या नोंदीत ते १:४५ला टोचलेलं. मधल्या वेळात नातेवाईक चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलमध्ये गेलेले असतात. अशा वेळी बोलणी खातो तो ज्युनिअर रेसिडेंट. औषध कॅज्युअल्टीच्या कपाटात नव्हतं, हे कारण कुणी लिहीतच नाही.

म्हणून बोलण्याचा क्रम महत्त्वाचा. ज्याने रुग्ण पहिल्यांदा पाहिला तो रेसिडेंट आधी, मग सिस्टर, मग भूलतज्ज्ञ. प्राध्यापक त्यानंतर आणि विभागप्रमुख सगळ्यांत शेवटी. साहेब आधी बोलले की बाकीचे त्यांचीच री ओढतात. फोन उचलायला उशीर प्रमुखांकडूनच झाला असेल, तर तेही वेळेसकट फळ्यावर यायला हवं.

मृत्यूनंतर केसपेपर ‘पूर्ण करून’ घेण्याचा मोह मोठा असतो. इथे प्रमुखांनी ठाम राहायचं. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी सही, तारीख, वेळ. राहिलेली नोंद नंतर करायची असेल तर ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहून, ती खरोखर जेव्हा लिहिली तीच वेळ टाकायची. व्हाइटनर नाही, पान बदलणं नाही.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर, चीर देण्याआधीचा थांबा.)

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी २००८ची. १९ मुद्दे, तीन टप्पे: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी, रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९मध्ये निष्कर्ष आले: मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेलं. ही यादी बिघडते ती एकाच पद्धतीने. ऑपरेशन संपल्यावर कुणीतरी सगळ्या खुणा एकदम करून टाकतं. यादीत प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं असतं. ‘मला सगळे ओळखतात’ म्हणून प्रमुखांनी ते टाळलं, तर मॉप (पोटात रक्त टिपायला वापरलेली कापडं) मोजताना एक कमी भरल्यावर त्यांना थांबवण्याची हिंमत सिस्टरांना कुठून येणार?

थीसिस आणि शोधनिबंधांचं थोडक्यात: काम केलं नसेल, तर प्रमुख म्हणून नाव घालायचं नाही.

मीटिंगच्या नोंदवहीत ‘काळजी घ्यावी’ असलं वाक्य नको. काय करायचं, कुणी, कोणत्या तारखेपर्यंत, एवढंच. पुढच्या मीटिंगची सुरुवात ती नोंद वाचून करायची. रात्री दुसरं टेबल चालवायला भूलतज्ज्ञ नाही, हे कारण पुन्हा आलं, तर प्रमुखांनी स्वतःच्या सहीने अधिष्ठात्यांना पत्र द्यायचं आणि पोच मिळालेली प्रत त्याच वहीत लावायची.